खमीर

घोडबंदर रोडवर कासारवडवलीला आम्ही राहायला आलो त्या वर्षी अम्मीला मधुमेहाच्या गोळ्या पुरेनाशा झाल्या. डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिले. बाटली उलटसुलट पाहत तिने विचारले, "ये सुअर का तो नहीं?" आम्ही, बी.एड. झालेले मास्तर, हसून म्हणालो, "दवा आहे अम्मी, चौकशी नको." आठ दिवसांनी साखर तपासली तर साडेतीनशे. फ्रिजमधली बाटली सीलबंदच होती.

चूक आमची. प्रश्न अडाणी नव्हताच. कित्येक वर्षे इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातूनच काढत. ५१ अमिनो आम्लांच्या या प्रथिनात डुकराचे इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनहून एकाच ठिकाणी वेगळे, गाईचे तीन ठिकाणी. ज्याचे नाव घरात घेत नाही, तोच जवळचा निघावा!

पुढे यीस्ट आले. माणसाच्या इन्सुलिनचे जनुक यीस्टच्या पेशीत घातले, की वाढता वाढता ती ते प्रथिन तयार करते. मुंबईच्या वोक्हार्टने २००३ साली आणि बंगळूरच्या बायोकॉनने २००४ साली असे इन्सुलिन बाजारात आणले. उर्दूत समजावणे सोपे गेले. यीस्टला आमचा शब्द खमीर, आणि माणसाच्या मूळ घडणीलाही आम्ही खमीरच म्हणतो.

पण सांगायचे तर पुरते सांगायला हवे. यीस्टने केलेली कच्ची साखळी कापायला काही पद्धतींत ट्रिप्सिन लागते. ते परंपरेने डुकराच्या स्वादुपिंडातून मिळवत. आता जनुकतंत्रानेही बनते. मग मागे मागे जायचे तरी किती? जीव वाचवताना निषिद्धालाही सूट आहे, हे धर्मच सांगतो. एवढा कीस कशाला, असे आमचे एक सहकारी म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. सूट घ्यायची की नाही हे सुई टोचून घेणाऱ्याने ठरवायचे, आणि माहितीवाचून कसे ठरवणार? आम्ही अम्मीला सूट दिली नव्हती, गप्प बसवले होते. हाच प्रश्न वर्गात एखाद्या मुलाने विचारला असता तर शाबासकी दिली असती.

ट्रिप्सिनसकट सगळे सांगितले. चष्मा पुसत तिने ऐकून घेतले.

"पावात असतं तेच का हे?"

"त्याच्या नात्यातलं."

"आणि बाटलीवर ‘ह्यूमन’ लिहिलंय, ते? कोणा माणसाचं काढलं?"

पुन्हा जनुकापासून सुरुवात केली. मगरिबनंतर जेवणाआधी तिने स्वतःच फ्रिज उघडला.