महाडचे पेपर आणि सायटेशनचा हिशेब

लाल विंचू चावलेलं पोर रात्री आरोग्य केंद्रात आणतात, तेव्हा डंखाच्या जागी बघण्यासारखं फारसं काही नसतं. पण त्याला उलट्या होत असतात, घामाने अंग निथळत असतं, हातपाय गार पडलेले असतात. विषामुळे शरीरात ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्यं एकदम सुटतात, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. हा भार हृदयाला पेलवेनासा झाला की फुप्फुसांत पाणी साठतं आणि तोंडाला गुलाबी फेस येतो. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी हा क्रम रुग्णांच्या उशाशी बसून टिपला. १९८२ साली त्यांनी ही पूर्वलक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. १९८६ साली त्याच नियतकालिकात प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपाय मांडला. पूर्वी गंभीर विंचूदंशाच्या शंभर रुग्णांपैकी तीसेक दगावत. या उपचाराने ते प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं.

आता हे काम आजच्या मापाने मोजू. जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली एच-इंडेक्स सुचवला. ज्याच्या वीस पेपरांना प्रत्येकी किमान वीस सायटेशन (म्हणजे इतर पेपरांत दिलेले संदर्भ) मिळाली, त्याचा इंडेक्स वीस. या हिशेबात एकाच पेपरने जग बदलणाऱ्याला एकच गुण मिळतो. त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. सायटेशन देतो तो त्या विषयावर लिहिणारा दुसरा संशोधक. हृदयविकार किंवा कर्करोगावर जगभर हजारो प्रयोगशाळा लिहीत असतात. विंचू चावतो तो भातकापणी करणाऱ्याला, लाकूडफाटा उचलणाऱ्या बाईला, जमिनीवर झोपलेल्या पोराला. त्यांच्या आजारावर लिहिणारेच मोजके, मग संदर्भ देणार कोण? प्राझोसिनची गोळी वेळेवर देऊन मूल वाचवणारा तालुक्याचा डॉक्टर पेपर लिहीत नाही. त्यामुळे त्या संशोधनाचा सर्वांत खरा वापर कुठल्याच आकड्यात येत नाही.

कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांचं उदाहरण याहून बोलकं आहे. पटकी जंतूंमुळे नव्हे, तर जंतूंनी सोडलेल्या विषामुळे जीव घेते, हे त्यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं आणि १९५९ साली ‘नेचर’मध्ये छापलं. पुढे कितीतरी वर्षं त्याची हवी तशी दखल घेतली गेली नाही. त्यांच्या कामाचं मोल १९८६ साली सविस्तर लिहून दाखवलं ते यूजीन गारफील्ड यांनी, म्हणजे सायटेशन मोजण्याची पद्धत ज्यांनी उभी केली त्यांनीच. तोवर डे यांचं निधन झालं होतं.

म्हणून पेपर लिहिणंच फिजूल, असं मला मुळीच म्हणायचं नाही. बावस्करांनी लिहिलं नसतं, तर तो उपाय महाडच्या पंचक्रोशीत राहिला असता. छापणं ही डॉक्टरची जबाबदारीच आहे. बिघाड होतो तो पेपरांची संख्या पगाराला आणि पदाला बांधल्यावर. २०१५ साली भारतीय वैद्यक परिषदेने बढतीसाठी शोधनिबंध मोजताना पहिल्या दोन लेखकांनाच श्रेय द्यायचं ठरवलं. मग तिसऱ्या नावाच्या तरुण डॉक्टरने वर्षभर रुग्णांच्या नोंदी कशाला ठेवाव्यात? दुसरीकडे पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना गिऱ्हाईक मिळालं. आणि सायटेशनच्या मोजणीत खोटा पेपरही गाजतो: लस आणि स्वमग्नता यांचा संबंध जोडणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा १९९८चा पेपर ‘लॅन्सेट’ने २०१० साली मागे घेतला, तोवर त्याला भरघोस सायटेशन मिळाली होती. खोडून काढण्यासाठी दिलेला संदर्भही मोजणीत गुणच ठरतो.

बढतीच्या समितीने उमेदवाराचा आकडा विचारण्याऐवजी त्याचे दोन पेपर मागून घ्यावेत आणि बसून वाचावेत. विचारावं, यामुळे कोणाच्या उपचारात काय बदललं? आणि स्वतःचंच म्हणणं तपासून पाहायची तयारी आहे का? बावस्कर दांपत्याचा २०११चा ‘बीएमजे’मधला पेपर त्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. विंचवावरची प्रतिलस उपलब्ध झाली, तेव्हा ज्या गोळीने त्यांचं नाव झालं तिलाच त्यांनी कसोटीला लावलं. पस्तीस रुग्णांना नुसतं प्राझोसिन, पस्तिसांना प्राझोसिनसोबत प्रतिलस. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात आठ निघाले, दुसऱ्या गटात बत्तीस. आणि नुसती आपली गोळी मागे पडल्याचा हा निकाल त्यांनी स्वतःच छापला.