वाचलेली जागा कोणासाठी?

नेदरलँड्समधील उत्रेख्त येथे १९२४ साली वास्तुकार रीटफेल्ट यांनी ट्रूस श्रोडर या विधवेसाठी घर बांधले. वरच्या मजल्यावर सरकत्या भिंती. दिवसा एक मोकळे दालन, रात्री मुलांच्या निराळ्या खोल्या. आपल्या वाड्यांतील माजघरही असेच होते: दुपारी पंगत, रात्री अंथरुणे. भिंतीत मिटणारा पलंग, घडीचे मेज ही त्याच युक्तीची नवी रूपे. त्यांना नाके मुरडण्याचे कारण नाही. परंतु त्या माजघरात शिकावयास आलेला गावाकडचा मुलगा वर्षानुवर्षे सामावे, कारण घरातली माणसे सरकून घेत. आज पलंग सरकतो. मोकळ्या झालेल्या जागेत कोणाला ठेवून घ्यावयाचे, हा निर्णय मात्र सुतारावर सोपविता येत नाही.