उद्दालकाचे लोखंड

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी आपल्या पुत्राला, श्वेतकेतूला, समजावतो की नखे काढण्याचे एक हत्यार यथार्थ जाणले म्हणजे लोखंडाचे यच्चयावत पदार्थ जाणले गेले, कारण आकार हा नावापुरता विकार असून सत्य काय ते लोखंडच. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळ, पूर्वी फ्रेझर बेट म्हणून सरकारी दप्तरात नोंदलेल्या गारी या अवाढव्य वाळूच्या बेटावर, ‘महेनो’ बोटीच्या गंजलेल्या सांगाड्यासमोर उभा असता हा दृष्टान्त मला आठवला आणि अपुरा वाटला.

१९०५ साली स्कॉटलंडात बांधलेली ही बोट न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया यांच्या दरम्यान उतारू नेई. पहिल्या महायुद्धात तिची रुग्णनौका झाली आणि १९१५ साली गॅलिपोलीचे, पुढल्या वर्षी सोमच्या रणातले जखमी शिपाई तिने वाहिले. १९३५ साली ती जपानी व्यापाऱ्यास मोडीत विकली गेली. दुसऱ्या बोटीमागे बांधून तिला नेत असता जुलैच्या वादळात दोर तुटला, आणि भट्टीच्या वाटेवरची ही बोट इथे वाळूत रुतली. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांनी बाँबफेकीच्या सरावासाठी लक्ष्य म्हणून तिचीच निवड करावी, हे मनाला फार लागते.

पत्र्यांचे पापुद्रे सुटले होते, रिव्हेट झडून पडलेल्या भोकांतून पलीकडचे आकाश दिसत होते, आणि भरतीचे पाणी फासळ्यांमधून आत शिरून परतत होते. ज्याला उद्दालकाने सत्य म्हटले ते लोखंडही खाऱ्या हवेत आपले रूप टाकीत होते. अर्थात तोही लोखंडापाशी थांबत नाही, सर्वांच्या मुळाशी असलेल्या सत्‌पर्यंत जातो. माझी शंका तिथे नाही. शंका आकाराविषयी आहे. लोखंडाचा गोळा पाण्यात टाकला तर तो तळ गाठतो. तेच लोखंड पोकळ घडवून जोडले म्हणजे आपल्या भाराइतके पाणी बाजूस सारून तरते. जखमींना पैलतीरी नेले ते लोखंडाने नव्हे, त्या विकाराने. मग ज्याच्यावाचून एकही प्राण वाचला नसता, त्याला नावापुरते कसे म्हणावे?

अद्वैत पुरते जाणूनही ज्ञानदेवांनी विटेवरचे रूप सोडले नाही. मंद अधिकाऱ्यांना दिलेली ती सवलत होती, असा अर्थ शास्त्रीमंडळी लावतात. तो मला मान्य नाही. आर्ताला उचलून घ्यायचे तर निर्गुणालाही कुठल्यातरी आकारात यावे लागते, मग तो आकार गंजणारा का असेना, हे त्यांनी ओळखले होते असे मी समजतो.