हौसेचा भाव

"मावशी, एवढं सुरेख करतेस, तर विकत का नाहीस?" संक्रांतीच्या तोंडावर हलव्याचे दागिने करायला बसले की कुणीतरी हे विचारतंच. यंदा भाच्याने हिशेबही मांडून दिला. वारंगा फाट्यावर नांदेड, हिंगोली, नागपूर अशा तिन्ही बाजूंच्या गाड्या थांबतात, लोक खिचडी खायला उतरतात. तिथे एक टेबल टाकलं की झालं. सांगत होता मायेनेच, तरी मला ते खुपलं.

नव्या सुनेची पहिली संक्रांत, बाळाचं बोरन्हाण, काळ्या झबल्यावरचा पांढराशुभ्र हार हे सगळं सर्वांना ठाऊक आहे. पण तो दाणा कसा होतो, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तीळ, खसखस किंवा साबुदाणा परातीत घेऊन मंद शेगडीवर ठेवायचा, त्यावर साखरेचा पाक चमच्याचमच्याने सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली तर पांढरेपणा जातो. कोरडी थंडी असली की दाण्यावर काटा छान उठतो. आभाळ आलं, हवा दमट झाली की रुसतो. मग दागिना. दाण्याला भोक पाडायला जावं तर तो फुटतो, म्हणून एकेका दाण्याला दोऱ्याचा फास घालायचा. यात घाई चालत नाही, आणि मला त्यातलं हेच आवडतं.

माझ्या लेखी वस्तू दोन प्रकारच्या: मापाच्या आणि ढिगाच्या. बाळाच्या कमरेला दोरा लावून घेतला आणि त्यावरून कंबरपट्टा केला, तर ती मापाची वस्तू. कुणीही यावं आणि उचलावं, ती ढिगाची. पोळ्याचंही तेच. अंबाडीच्या वाखाची म्होरकी वळणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या बैलाचं कपाळ माहीत असायचं. दुकानात टांगलेल्या नायलॉनच्या म्होरकीला कुठलाही बैल चालतो. हाताने केलेलीही ढिगाची असू शकते. म्हणून माझं ठाम मत होतं की विकायला लागलं की माप जातं.

भाच्याचं म्हणणं, ज्या वेळेचा पैसा होत नाही तो वाया. हे मला मुळीच मान्य नाही. तसं धरलं तर बोरन्हाणच वाया, आणि त्याच्यासारखी उद्योगी माणसं ज्या सणांना घरी येतात ते सणही वाया. पण त्याचा दुसरा मुद्दा खोडता येईना. गिऱ्हाइकाने बाळाचं माप कळवलं तर? सोनारही मापाचंच करतो आणि पैसे घेऊन करतो. म्हणजे विकण्याने माप जातंच असं नाही. इथे माझी आवडती विभागणी मला पुरेना.

आणि मग तो सहज म्हणाला, "दुकानापेक्षा स्वस्त देऊ. तुला काय, हौसच आहे!" मला खरं खुपलं होतं ते हेच.

का खुपलं, ते कळायला इथल्या तांड्यांवरच्या बंजारा बायकांचा कशिदा पाहावा. आरसे, कवड्या, बारीक टाके. फेटिया आणि कांचळी, म्हणजे घागरा आणि चोळी, त्या स्वतःसाठी, लेकीसाठी शिवत आल्या, म्हणजे मापाच्याच. आता तोच टाका पिशव्यांवर, तोरणांवर घालून विकला जातो आणि त्यावर कुणाची तरी चूल पेटते. मी माझे तास शून्य धरून साखर, दोरा, पुठ्ठा एवढ्याच खर्चात हार विकला, तर गिऱ्हाईक कशिदा विकणाऱ्या बाईलाही विचारणार, हाताच्या कामाचे एवढे पैसे कसले?

फाट्यावरून नागपूरकडे निघालेला रस्ता यवतमाळवरून वर्ध्याला जातो. हौसेचं काम आणि पोटाचं काम यांचा हा पेच तिथे फार आधी पडला होता. गांधीजींनी सगळ्यांना यज्ञ म्हणून सूत कातायला सांगितलं, आणि गरीब बाया तेच सूत पोटासाठी कातत होत्या. खादी स्वस्त राहावी म्हणून त्यांची मजुरी तुटपुंजीच राहिली. वर्ध्याजवळच्या नालवाडीत विनोबांनी कताईच्या मजुरीवर स्वतः जगून पाहिलं. 1925 साली स्थापन झालेल्या चरखा संघाने 1935 मध्ये कातणारीला जगण्यापुरती मजुरी द्यायचं धोरण घेतलं, खादी महागली तरी. यज्ञाचं सूत आणि मजुरीचं सूत दोन्ही राहू शकतात, पण यज्ञाच्या नावाखाली मजुरी कापायची नाही, असा मी त्याचा अर्थ घेते.

विकू नये, हे सांगायला मी बसले होते. आता म्हणते, विकावं, पण पुऱ्या भावाने. शेगडीपुढचे तास आणि फासांचे तास वहीत मांडावेत, खुरपणीच्या रोजाने तरी त्यांचे पैसे धरावेत, वर साहित्याचा खर्च घालावा. तो आकडा गिऱ्हाइकाला झेपला नाही, तर हार ओळखीच्या बाळाच्या गळ्यात फुकट घालावा. त्याने कुणाचा रोज बुडत नाही. नुकसान होतं ते मधल्या वाटेने, हौस म्हणून निम्म्या भावात देऊन टाकण्याने. भाच्याला मी टेबल टाकायला होकार दिला आहे. भाव मात्र वहीतला लागेल, आणि हौसेपोटी तो एक रुपयानेही उतरणार नाही.