दिवाबत्तीचा खर्च

आमच्या माडीवरच्या खोलीत गेली दोन वर्षं एक पीएचडी राहते. तिला नाव आहे, पण घरात सगळे तिला पीएचडीच म्हणतात. सकाळी डबा घेऊन बाहेर पडते, दिवसभर पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी वाचते आणि संध्याकाळी दोन-अडीचशे वर्षांची धूळ अंगावर घेऊन परत येते. गेल्या महिन्यात जिन्यात थांबून म्हणाली, "काका, फेलोशिप अडकलीय. भाडं पुढच्या महिन्यात दिलं तर चालेल का?"

हा तिसरा 'पुढचा महिना' होता. मी घरमालक, आणि तोही पुण्यातला. तेव्हा माझा चेहरा कसा झाला असेल ते सांगायला नको. "तू तिथे वाचतेस तरी काय एवढं?" मी विचारलं.

"दिवाबत्तीची इनामं."

म्हणजे देवापुढे दिवा जळावा म्हणून कुणाला सरकारातून जमीन मिळे, कुणाला रोख नेमणूक, आणि त्याचे हिशेब. २०२३ च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात, पीएचडी करून काय दिवे लावणार, असा सवाल निघाला आणि महाराष्ट्रभर गाजला. तेव्हा टीव्हीसमोर मी खुशाल मान डोलावली होती. आता त्याचं शब्दशः उत्तर माझ्या जिन्यात उभं होतं!

पण सवाल अगदीच टाकाऊ नाही हं. केंद्राची ज्युनिअर फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. ते पैसे आकाशातून पडत नाहीत. गावच्या शाळेचं छप्पर गळत असताना जुन्या तेलाच्या हिशेबावर ते का घालावेत, हे गळक्या छपराखाली बसलेल्या पोराला समजावून सांगायला मला तरी जमणार नाही.

म्हणून मी माझा हुकमी एक्का काढला. "राजवाड्यांना कुठे होती गं फेलोशिप? गावोगाव हिंडले, हातानं स्वयंपाक करून जेवले, आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले!"

"स्वयंपाकाला ओसरी तर मिळायची ना, काका?" ती म्हणाली. "माझ्या पणजोबांना त्या ओसरीवर चढू दिलं नसतं कुणी. कागद मागणं तर दूरच."

मी हिला आत बोलावून चहा टाकायला सांगितलं. अशा वेळी चहाइतका दुसरा आधार नाही.

चहा पिताना कळलं की हे दफ्तर टिकलं तेही काही विद्येच्या प्रेमामुळे नव्हे. पेशवाई १८१८ मध्ये बुडाल्यावर कोण कुठलं इनाम खातोय आणि ते खरं की खोटं, हे इंग्रजांना तपासायचं होतं. १८५२ मध्ये तर इनाम कमिशनसाठी कायदाच झाला. वसुलीसाठी जपलेले कागद. त्यातून सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस भाग छापले, आणि तरी हजारो रुमाल आहेत तसे आहेत. (रुमाल म्हणजे फडक्यात बांधलेलं कागदांचं गाठोडं. मी आधी खिशातला समजलो होतो.) कागद जपणाऱ्याला काय हवं होतं आणि वाचणाऱ्याला काय सापडेल, याचा काही मेळच नाही. मग 'उपयोग काय' हे आधी ठरवायचं तरी कुणी?

मी जरा ऐटीत म्हणालो, "आमच्याकडेही इनाम होतं म्हणे, दिवाबत्तीचंच."

"कुठलं गाव? बघते."

आठ दिवसांनी सांगत आली, "तुमच्या आडनावाचा एक कागद दिसतोय. पण नक्की तुमचेच का ते पुढचे रुमाल बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. तीन-चार महिने लागतील."

"आणि दिवा? तो लावत होते का आमचे लोक?"

"तेही बघावं लागेल."

रात्री झोप येईना. जमीन तर पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली असणार. दिवा लावला असेल तर ठीक. नसेल लावला तर? फेलोशिप बंद पडली तर हे कधीच कळायचं नाही, आणि आली तर कदाचित कळेल. कुठलं बरं, ते सकाळपर्यंत ठरेना.

भाड्याचं मी अजून काढलेलं नाही. ती मात्र थकलेले महिने वहीत तारखेनिशी मांडून ठेवते. तेवढी दफ्तराची सवय लागलीय. माडीवर रात्री एकपर्यंत दिवा जळत असतो. पूर्वी मी खालून ओरडायचो. लाइटबिल भाड्यातच धरलेलं आहे.