हरलास कसा, हे कोण सांगणार?

‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’, म्हणजे पोरांच्या तोंडी बीजीएमआय, नव्याने खेळायला घेतलेल्या मुलाचे पहिले काही डाव छान जातात. विमानातून शंभर जण उतरतात, समोर येईल तो याच्या गोळीने पडतो आणि शेवटपर्यंत टिकल्याचा सोनेरी फलकही एखाद वेळी झळकतो. त्या शंभरातली बरीचशी माणसं नसतातच, हे त्याला ठाऊक नसतं. खालच्या श्रेणीत संगणकाने चालवलेले ‘बॉट’ भरलेले असतात. ते उघड्यावर उभे राहतात, नेम चुकवतात, जवळजवळ मरायलाच येतात. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या चढाव्यात तसे बॉट कमी होतात आणि खरी माणसं वाढतात. मग एका संध्याकाळी हाच मुलगा लूट गोळा करून दाराबाहेर पाऊल टाकतो आणि आडवा होतो. गोळी कुठून आली ते कळत नाही. पुढच्या डावात पुन्हा तेच.

नवे खेळाडू गळायला लागतात ते इथे. खेळ अवघड आहे म्हणून ते गेले, असं आपण सहज म्हणतो. मला ते पटत नाही. अवघड गोष्टींना माणूस इतक्या लवकर कंटाळत नाही. आपण का हरलो हेच कळेनासं झालं की मात्र तो उठतो. बीजीएमआय त्याला सुरुवातीला न कमावलेला विजय देतो आणि नंतर न समजणारी हार. या दोन्हींतून शिकण्यासारखं काही हाती लागत नाही.

आसनगाव स्टेशनवर एक लोकल गेली की दुसरीला बराच वेळ असतो. त्या वेळात बाकांवर फोन आडवे धरलेली मुलं बसलेली दिसतात. एकदा तिथे दोघांचं बोलणं नीट ऐकलं. धाकटा नुकताच मेला होता आणि घाईने पुढचा डाव सुरू करायला निघाला होता. थोरल्याने त्याचा हात धरला. “थांब. पावलं कुठून ऐकू आली?” “डावीकडून.” “मग उजवीकडं काय बघत होतास?” धाकटा गप्प. थोरल्याने मारणाऱ्याच्या नजरेतून शेवटचे क्षण दाखवणारा रिप्ले लावला. डावाच्या सुरुवातीला सगळ्या घरांची दारं बंद असतात. या मुलाने आत शिरताना दार उघडं टाकलं होतं. लांबून पाहणाऱ्याला तेवढं पुरलं. आत कोणीतरी आहे हे ओळखून तो भिंतीआड दबा धरून बसला होता. धाकट्याचा चेहरा बदलला. त्याला वाटत होतं आपला नेम वाईट, फोन स्वस्तातला, नशीब खोटं. घोळ दारात होता आणि दार लावणं त्याच्या हातात होतं.

शहापूर-मुरबाडकडे कबड्डीच्या मैदानावर चूक दाखवून देण्याचं हे काम न सांगता होत आलं आहे. नवा पोरगा चढाईला जातो, कोपऱ्यात सापडतो, धूळ झटकत बाहेर येतो आणि रेषेवर उभा असलेला एखादा जुना खेळाडू लगेच ओरडतो, “पाय मागं का ठेवलास?” त्या ओरडण्यात मायाही असते, पण मुख्य म्हणजे त्यात माहिती असते. ऑनलाइन खेळात रेषेवर कोणी उभं नसतं. स्क्वॉडमध्ये नशिबाने जुळलेले तीन अनोळखी लोक असतात. त्यांच्यातले काही नवख्याला ‘नूब’ म्हणून हिणवतात, आईबहिणीवरून शिव्या देतात आणि तो पडला की उचलायलाही येत नाहीत. मुलीचा आवाज ऐकू आला तर विचारायलाच नको. माइक बंद ठेवून खेळणाऱ्या मुली त्यामुळे चौघांच्या खेळातल्या सर्वांत मोठ्या शस्त्राला, म्हणजे बोलण्याला मुकतात. त्यांनी खेळ सोडला तर त्यांच्या चिकाटीला नावं ठेवण्याचा हक्क कोणाला आहे असं मला वाटत नाही.

नवख्याचं आणखी एक ओझं आहे. २ सप्टेंबर २०२० ला बीजीएमआयचा पूर्वावतार असलेल्या पबजीवर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, वर्षभराने तोही अ‍ॅपच्या दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. पण पबजीच्या काळापासून खेळणाऱ्यांची बोटं काही कोणी काढून घेतली नव्हती. बंदुकीची उसळी आवरायची सवय, फोन किंचित कलवून नेम धरण्याचा जायरो, आठ किलोमीटर लांब-रुंद एरँगल नकाशावरची घरन् घर, हे सगळं घेऊन ते मैदानात आले. आज सुरुवात करणाऱ्याची गाठ अशांशी पडते. त्यांच्या सेटिंगचे आकडे यूट्यूबवरून उतरवून घेता येतात, सवय उतरवून घेता येत नाही.

आणि नेटवर्क. आसनगावात ठीक, पण डोळखांबच्या अंगाला आत गेलं की डाव मध्येच गोठतो. हे फक्त खेड्यातल्या पोराचं रडगाणं नाही. ऑगस्ट २०२० मधल्या पहिल्या ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या अंतिम सामन्यात रशियाविरुद्ध खेळताना निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांची जोडणी तुटली आणि वेळ संपल्याने दोघांचे डाव गेले. संघाचा कर्णधार होता आपल्या घाटापलीकडच्या नाशिकचा विदित गुजराथी. भारताने दाद मागितली आणि दोन्ही देशांना संयुक्त सुवर्णपदक मिळालं. तिथे दाद ऐकायला फिडे ही जागतिक बुद्धिबळ संघटना होती. आपल्या पोराला दाद मागायला जागा नाही, म्हणून फोन आपटण्याआधी नेटवर्कमुळे झालेली हार आणि स्वतःच्या चुकीने झालेली हार त्याने वेगळी करायला शिकलं पाहिजे. बुद्धिबळाच्या संकेतस्थळांवर डाव संपला की संगणक नेमकी कोणती खेळी चुकली ते दाखवतो. नवखा तिथे रोज हरूनही टिकतो, याचं मोठं कारण मला हेच वाटतं.

पालक विचारतील, अशा खेळात टिकावं तरी कशाला? प्रश्न रास्त आहे. हंगाम बदलला की श्रेणी खाली ओढली जाते, रोज आत आलं की बक्षीस मिळतं आणि श्रेणी वर चढवण्याच्या, म्हणजे ‘रँक पुश’च्या, नावाखाली रात्री जातात. मुलगा टिकून राहण्यात कंपनीचा धंदा आहे, तेव्हा त्याच्या टिकण्याचं आंधळं कौतुक मी करणार नाही. २०२३ मध्ये खेळ परतला तेव्हा अठराखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली गेली. मला तेही फार वाटतात. पण डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला क्रीडा म्हणून जागा दिली आणि २०२५ च्या कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्स वेगळे ठेवले. खेळ म्हणून मान्यता द्यायची, तर शिकवणारं कोणीतरी हवं. शहापूर तालुक्यात कबड्डीची मंडळं आहेत, आसनगावात अभियांत्रिकीची मुलं आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ जुन्यांनी नव्यांच्या शेजारी बसून रिप्ले पाहायचे, शिवी नाही, पैसे नाहीत, दोन डाव आणि मग घरी. याला खर्च जवळजवळ नाही.

तोवर घरच्यांना एवढं करता येईल. “किती वेळ खेळलास?” याच्या जोडीला “आज मेलास कसा?” असंही विचारावं. दार उघडं राहिलं, झोन, म्हणजे खेळाची आकसत येणारी हद्द, जवळ आला तरी लुटीत अडकलो, एकटाच पुढे गेलो, असं काही तो सांगू लागला तर त्याला उद्याचा डाव खेळू द्यावा. रोज उत्तर एकच येत असेल, की टीमच बेकार होती, तर त्या आठवड्यात फोन कपाटात गेलेला बरा.