बाभळीचे नाव आणि बाभळीचे कूळ

राळेगणसिद्धीत १९७५ नंतर पाणलोटाची कामे उभी राहिली आणि त्यांच्या जोडीला कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आली. हे गाव ज्या पारनेर तालुक्यात आहे, त्याच्या अवर्षणग्रस्त माळावर तग धरणारे झाड म्हणजे बाभूळ. वनस्पतिशास्त्रात ती वर्षानुवर्षे ‘अकेशिया निलोटिका’ होती. आता ती ‘व्हॅचेलिया निलोटिका’ आहे. जुनी अकेशिया हे एक कूळ नाही, हे डीएनएच्या अभ्यासातून स्पष्ट झाले आणि ती प्रजाती फोडावी लागली. मूळ नाव नियमाने बाभळीच्या शाखेकडे राहायला हवे होते, कारण त्या प्रजातीचा अधिकृत नमुना बाभूळच होती. पण ऑस्ट्रेलियात त्या नावाच्या नऊशेहून अधिक जाती होत्या. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत नमुना बदलण्याच्या शिफारशीविरुद्ध ५४.९ टक्के मते पडली; शिफारस फेटाळायला ६० टक्के हवी होती. नाव ऑस्ट्रेलियाकडे गेले. मला हा निकाल आजही अन्याय्य वाटतो.

मग मतांवर ठरणारे हे कसले शास्त्र, असे कोणी विचारील. पण मतदान झाले ते नावापुरते. झाडांचे नाते पुराव्याने ठरले होते, ते कोणत्याही बहुमताने बदलले नसते. नाव हा करार आहे, वर्गीकरण हे तपासता येणारे विधान आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गावाला लॅटिन नावे हवीत कशाला? गावाची नजर खरोखर तीक्ष्ण असते. सरळसोट वाढणारी, पिकावर फारशी सावली न धरणारी रामकाठी शेतकऱ्याने वेगळी ओळखली. शास्त्रानेही तिला वेगळी उपजाती मानले. मात्र ‘बाभूळ’ हाच शब्द वेडी बाभूळ आणि सुबाभूळ यांनाही चिकटला आहे, आणि ही दोन्ही झाडे अमेरिका खंडांतून आलेली, वेगळ्या प्रजातींची आहेत. देशी बाभळीला पिवळे गोंडे आणि मण्यांच्या माळेसारख्या शेंगा येतात, वेड्या बाभळीला लांबट तुरे, तर सुबाभळीला पांढरे गोंडे आणि चपट्या शेंगांचे घोस. वेडी बाभूळ माळ व्यापून गवताला जागा ठेवत नाही. तेव्हा चराईबंदीने राखलेल्या कुरणात नेमके काय वाढले, हे नुसत्या ‘बाभूळ’ या नोंदीवरून कळणार नाही. जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. तिच्यात गावचे नाव आधी लिहा, शेजारी शास्त्रीय नाव लिहा, आणि ते बदलले तर जुने खोडू नका.